तारखांच्या मागे लागलेला माणूस

१९ फेब्रुवारीला आमच्या सोसायटीच्या आवारात महाराजांच्या प्रतिमेचं पूजन होतं. झेंडूचे हार, समईच्या तेलाचा वास, स्पीकरवर पोवाडा, आणि ऑफिसची घाई म्हणून अर्धी मंडळी घड्याळाकडे बघत उभी. तळमजल्यावरची चौथीतली एक मुलगी आजोबांचं बोट धरून अगदी पुढे उभी होती. आरती झाली, पेढे वाटायला सुरुवात झाली तशी तिनं वर बघून विचारलं, "आजोबा, महाराज असेच दिसायचे?" "असेच गं." "पण कशावरून? तेव्हा तर फोटो नव्हते." आजोबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "अगं, सगळीकडे असंच चित्र असतं ना, म्हणून." तिचं काही समाधान झालं नाही, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण तेवढ्यात हातावर पेढा आला आणि विषय तिथेच राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न दिवसभर हलला नाही. लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावरही तेच. कशावरून? चौथीतल्या पोरीनं विचारलेला हा प्रश्न एका माणसानं जन्मभर विचारला होता, महाराजांच्या चेहऱ्याबद्दलही विचारला होता. त्या माणसाचं नाव इतिहाससंशोधक वासुदेव सीताराम बेंद्रे. आज ते नाव घेतलं तर दहातले नऊ जण कवी बेंद्रे समजतात, नाहीतर चित्रकार बेंद्रे.

एक काळ असा होता की शिवाजी महाराज म्हणून जे चित्र छापलं जायचं ते मुळात महाराजांचं नव्हतंच. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं चित्र महाराजांच्या नावावर खपत होतं. लोक त्याला हार घालत होते, पुस्तकांत छापत होते, आणि कुणाला काही खटकत नव्हतं. बेंद्र्यांना खटकलं. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन नावाच्या एका डच पाद्र्यानं पूर्वेकडच्या डच व्यापाराबद्दल आणि वसाहतींबद्दल १७२४ ते १७२६ या काळात एक अवाढव्य ग्रंथ छापला होता. त्याच्या मागावरून जात बेंद्र्यांनी महाराजांचं खरं चित्र शोधलं आणि १९३३ साली ते पुण्यात लोकांपुढे आणलं. धारदार नाक, टोकाला निमुळती होत गेलेली दाढी, कानाशी वळलेले केस, शिरपेच. आज कॅलेंडरवर, शाळेत, रिक्षाच्या मागच्या काचेवर जी चेहरेपट्टी दिसते ती पुढच्या चित्रकारांनी रंगवलेली असली तरी तिच्या मुळाशी ही जुनी चित्रं आहेत. महाराज आपल्या इतके ओळखीचे झाले आहेत की त्यांची ओळख कुणीतरी पटवून घेतली होती हेच आपल्या ध्यानात येत नाही.

बेंद्रे मूळचे पेणचे. विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते, संस्थानिकांच्या पदरी नव्हते. सरकारी कचेरीत लघुलेखकाची नोकरी करायची, साहेब बोलेल ते खुणांच्या लिपीत उतरवून घ्यायचं आणि कचेरी सुटली की भारत इतिहास संशोधक मंडळाची वाट धरायची, असा तो क्रम. १९१८ च्या सुमारास ते मंडळात जाऊ लागले. राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी १९१० साली सुरू केलेलं हे मंडळ तेव्हा जेमतेम आठ वर्षांचं होतं. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, कुठे कुठे तर वाण्याच्या दुकानातल्या रद्दीतूनही कागद येत होते. दिवसभर साहेबाची खुणांची लिपी आणि संध्याकाळी मोडी. दोन्हींत हात न उचलता झरझर लिहायचं असतं. मला उगीच वाटतं की मोडीशी त्यांचं जमलं त्यात त्या नोकरीचाही थोडा वाटा असावा.

मोडी शिकत असताना जुना कागद मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो प्रसंग अजून आठवतो. लाल कापडाचा रुमाल सोडला तसा आत कागदांचा गठ्ठा, आणि डांबराच्या गोळ्यांचा नाकात जाणारा वास. कागद हातकागदाचा, जाड, कडेनं कसरीनं खाल्लेला. उलगडून सपाट केला तर टेबलावर बारीक काहीतरी पडलं. बोट लावून बघितलं तर वाळू. शाई वाळावी म्हणून कारकुनानं लिहिल्याबरोबर वर टाकलेली वाळू, घडीत अडकून राहिलेली. मग मजकूर. मोडीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे तुटतो याचा पत्ता लागत नाही. 'पाटील' आणि 'पाठक' यांत घोटाळा होतो, आकड्यांत होतो, गावांच्या नावांत तर हमखास होतो. दोन-तीन ओळी लागल्या की मान अवघडते. सगळं लागलं आणि हाती काय आलं, तर कुणा मोकादमानं दोन बैल आणि काही पायल्या धान्य कुणाला तरी पोचतं केलं. बस. अशा हजारो कागदांतून एखादा कागद असा निघतो की ज्याच्यामुळे एखादी तारीख हलते. तो कोणता निघणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून सगळेच वाचावे लागतात.

आणि तारीख तरी सरळ कुठे असते? पेशवाईतलं एखादं पत्र घ्या. खाली लिहिलेलं असतं, 'सु॥ इसन्ने खमसैन मया व अलफ'. अरबी आकडे, तेही एककापासून वर चढत जाणारे. दोन, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११५२. हे साल जानेवारीला बदलत नाही, पाडव्याला बदलत नाही, मृग नक्षत्र लागलं की बदलतं, कारण वसुलाचं गणित पावसावर आणि पेरणीवर चालायचं. त्यात पाचशे नव्याण्णव किंवा सहाशे मिळवायचे, महिना बघून. मग कळतं, इसवी सन १७५१-५२. दुसरा कागद शालिवाहन शकाचा, तिथी देणारा. तिसरा हिजरी, चांद्र वर्षाचा, ज्याचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. राज्याभिषेकानंतर महाराजांनी सुरू केलेला शक आणखी निराळा. फसली निराळा. अकबरानं इलाही सन म्हणून एक सौर कालगणना काढली होती, इराणी महिन्यांच्या नावांची. बेंद्र्यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. किती जणांनी ते वाचलं असेल? पण एखाद्या मोगली कागदावर 'इलाही' दिसलं की अभ्यासकाला त्याचं उत्तर कुठेतरी मिळायला हवं, एवढ्यासाठी ते लिहिलं.

याहून अवघड भानगड फिरंग्यांच्या कागदांची. पोपच्या आज्ञेनं १५८२ साली कॅलेंडर सुधारलं. पोर्तुगीजांनी ते लगेच घेतलं, इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतलं नाही. म्हणजे सतराव्या शतकात एकाच दिवशी गोव्याचा पोर्तुगीज कारकून एक तारीख लिहितो आणि मुंबई-सुरतेचा इंग्रज वखारवाला त्याच्या दहा दिवस मागची. दोघेही खरं लिहीत असतात. संभाजी महाराजांची गोव्यावरची १६८३ ची चाल अभ्यासायची म्हटली की हे दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात, आणि दहा दिवसांचा हा फरक ध्यानात नसेल तर महाराजांचं घोडदळ अजून येऊ घातलंय आणि कागदात मात्र येऊन परत गेलंय, असा प्रकार होतो. आपण ज्या दिवशी झेंडूचे हार घालतो तो १९ फेब्रुवारी १६३० हा दिवससुद्धा जुन्या, ज्युलियन पद्धतीचा. आजच्या पद्धतीनं मोजलं तर तो १ मार्च होतो. राज्याभिषेकाचा ६ जून असाच १६ जून होतो.

जन्मतिथीचा वाद तर विचारूच नका. १९६६ साली सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली, बेंद्रे तिच्यात होते, आणि त्या सगळ्या थोरांचं एकमत झालं नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट आदर वाटतो. सरकार म्हणतंय तारीख द्या, लोक म्हणतात तारीख द्या, आणि माणसं म्हणतात की आमचा पुरावा इथपर्यंत येतो, पुढे आमच्यात मतभेद आहेत. असं सांगायला धैर्य लागतं.

१९२८ साली बेंद्र्यांनी 'साधन-चिकित्सा' लिहिलं. शिवशाहीचा इतिहास लिहायचा तर त्याची साधनं कोणती, कुठे आहेत, त्यांच्यावर विश्वास कितपत ठेवायचा, खरा कागद कोणता नि बनावट कोणता, याची ही छाननी. म्हणजे पुस्तक लिहिण्याआधी लिहिलेलं पुस्तक. शिवचरित्राची प्रस्तावना म्हणा ना. आणि शिवचरित्र? ते आलं १९७२ साली. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली. या चव्वेचाळीस वर्षांत ते इंग्लंडला जाऊन आले, इंडिया ऑफिसच्या दप्तरांतून नकला करून आणल्या, कुतुबशाहीवर लिहिलं, मुसलमानी शिलालेखांवर लिहिलं, संस्कृत पोथ्या संपादित केल्या, तुकोबांच्या मागे देहू पालथी घातली. १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र आलं, मग मालोजी आणि शहाजी महाराजांचं, आणि सर्वांत शेवटी शिवाजी महाराजांचं. आधी मुलगा, मग आजोबा आणि वडील, मग स्वतः महाराज. क्रम विचित्र दिसतो, पण मला वाटतं त्याला कारण आहे. ज्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय झाला होता त्याच्याकडे ते आधी गेले.

संभाजी महाराजांच्या चरित्रासाठी ते चाळीस वर्षं सामग्री जमवत होते. आज 'छावा' म्हटलं की थिएटरात माणसं उभी राहतात, रडतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असं नव्हतं. रंगभूमीवरचे संभाजी महाराज व्यसनी, उतावळे, बाईच्या नादी लागलेले. ही सगळी सामग्री आली कुठून? बरीचशी मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीतून. बखर लिहिली महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, आणि लिहिणारा बाळाजी आवजी चिटणिसाचा वंशज, ज्या बाळाजीला संभाजी महाराजांनी १६८१ साली कटाच्या आरोपावरून हत्तीच्या पायी दिलं होतं. घराण्याची जखम कागदावर उतरणारच. चिटणिसाला मी दोष देत नाही. पण पुढच्या लेखकांनी कशावरून हे विचारलंच नाही, याचं वाईट वाटतं. नाटकाला खलनायक मिळाला, प्रेक्षकाला शोकांतिका मिळाली, सगळ्यांचं भागलं.

बेंद्र्यांनी यावर आवाज चढवला नाही. त्यांनी कागद मांडले. बखर म्हणते की रायगड हाती आल्याबरोबर संभाजी महाराजांनी सावत्र आई सोयराबाईंना मारलं. रायगड हाती आला १६८० च्या जूनमध्ये. सोयराबाईंचा मृत्यू १६८१ च्या ऑक्टोबरमधला. मधे सव्वा वर्षाहून अधिक काळ. या काळात त्या रायगडावरच होत्या. तारखा दोन ओळींत शेजारी ठेवल्या आणि 'आल्याबरोबर' हा शब्द गळून पडला, त्याच्याबरोबर ती भिंतीत चिणण्याची कथाही. मग संस्कृत दानपत्र, मग महाराजांनी स्वतः रचलेला 'बुधभूषण', मग इंग्रज आणि पोर्तुगीज काय लिहितात ते. एकेक आरोप घ्यायचा, त्याचा उगम कुठला कागद, तो कधीचा, लिहिणाऱ्याचा हितसंबंध काय, हे विचारायचं. असं शेकडो पानं. वाचायला ते पुस्तक सोपं नाही. तळटिपा मजकुराला खाऊन टाकतात, एकेक वाक्य अर्धं पान चालतं. कादंबरीचा ओघ शोधायला गेलात तर निराश व्हाल. मीही काही पानं दोनदोनदा वाचली. पण त्या पुस्तकातून उठलं की आधीचे संभाजी महाराज परत मनात येत नाहीत.

चाळीस वर्षं.

हा आकडा मी परत परत मनाशी घोळवतो आणि मन दोन्हीकडे ओढलं जातं. एकीकडे नतमस्तक व्हावंसं वाटतं. दुसरीकडे विचार येतो तो त्या घराचा. लघुलेखकाचा पगार, त्यातून नकलांचा, प्रवासाचा, कागदाचा खर्च. संध्याकाळी माणूस घरी येतो तो मनानं सतराव्या शतकातच असतो. सणावारी पाहुणे येतात आणि हा कोपऱ्यात जंत्री उघडून तिथी आणि वार जुळवत बसलाय. अशा घरांतल्या बायकांनी काय काय निभावलं असेल त्याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. संशोधकानं कागद सांभाळले, पण संशोधकाला सांभाळणारी माणसं मात्र नोंदीतून निसटली, हे मला सलतं.

आणि आयुष्य! हा पंथच दीर्घायुषी लोकांचा. रियासतकार सरदेसाई चौऱ्याण्णव वर्षं जगले, आणि पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड त्यांनी हाती घेतले ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा शेवटचा खंड छापला तेव्हा त्यांचं वय ब्याऐंशी होतं. दत्तो वामन पोतदार नव्वदीच्या उंबरठ्यावर गेले. बेंद्रे १९८६ साली गेले ते नव्वदी ओलांडून. राजवाडे तेवढे त्रेसष्टाव्या वर्षीच गेले, तेही अर्धं आयुष्य पायपिटीत घालवून. लोक म्हणतात की ध्यास असला की आयुष्य वाढतं. मला ते पटत नाही, ध्यास असलेली कितीतरी माणसं तरुणपणी गेली. मला उलटं वाटतं. या कामाला दीर्घ आयुष्यच लागतं. तिशीत वाचलेला एक कागद आणि साठीत हाती आलेला दुसरा कागद एकाच माणसाच्या डोक्यात भेटावे लागतात, तेव्हा कुठे सोयराबाईंसारखी एखादी तारीख जागेवर बसते. ती भेट होण्याआधीच जे गेले त्यांचे अर्धवट टाचणांचे गठ्ठे घरोघर पडले असतील. बेंद्र्यांच्या बाबतीत ती भेट झाली, आणि एकदा नाही, अनेकदा झाली. हे आपलं सगळ्यांचं भाग्य आहे असं मी मानतो.

आज संभाजी महाराजांचं नाव घेऊन मोर्चे निघतात, स्टेटस ठेवले जातात, कुणी काही वेगळं बोललं की धमक्या दिल्या जातात. या गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनातला उजळ चेहरा एका कारकुनानं संध्याकाळच्या उजेडात जुळवलेल्या तारखांवर उभा आहे. त्यांनी महाराजांवरचे आरोप खोडले ते शंका घेऊन, पुरावा मागून. आता तीच शंका कुणी घेतली तर तिला द्रोह म्हणतात. याचा मला मनापासून राग येतो. महाराजांवर प्रेम असेल तर बेंद्र्यांच्या त्या अवघड पुस्तकाची निदान दहा पानं तरी वाचावीत, तळटिपांसकट.

मला स्वतःला त्यांचं सर्वांत जवळचं वाटतं ते काम मात्र छत्रपतींवरचं नाही. ते तुकोबांवरचं. तुकोबांनी एका अभंगात गुरूपदेशाचा दिवस सांगितलाय, 'माघ शुद्ध दशमी पाहुनि गुरुवार'. राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी ही गुरुपरंपराही सांगितली आहे. सगळं आहे, वर्ष नाही. माघ शुद्ध दशमी दरवर्षी येते, पण ती गुरुवारी काही मोजक्याच वर्षी येते. तुकोबांच्या हयातीत ती कधी कधी गुरुवारी आली ते काढायचं, त्यातून उपदेशाचं वर्ष ठरवायचं, आणि त्यावरून त्यांच्या बाकीच्या आयुष्याची जुळणी करायची. कीर्तनात हा अभंग लागला की माणसं टाळ्या वाजवतात, डोळे मिटतात. संशोधक तिथे जंत्री उघडतो. यात भक्ती कमी आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमायचं नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या आयुष्यातला एक गुरुवार नेमका कोणता, हे शोधत बसणं मला नामस्मरणाच्या जवळचं वाटतं.

परवा रात्री मी ते गणित कॉम्प्युटरवर करून पाहिलं. पंचांग काढून देणारे प्रोग्राम आता फुकट मिळतात. शक घातला, तिथी घातली, आणि पापणी लवायच्या आत वार समोर. पूर्वी एकेका वर्षाला पानभर आकडेमोड लागायची. यादी तयार झाली, आणि तिच्यात एकाहून अधिक वर्षं निघाली, निघणारच होती. त्यातलं कोणतं हे मशीन सांगत नाही. त्यासाठी दुष्काळाचं साल बघावं लागतं, घरातल्या मृत्यूंचा क्रम बघावा लागतो, देहूच्या इनामाचे कागद बघावे लागतात, बाबाजी त्या वर्षी हयात होते का आणि कुठे होते ते बघावं लागतं. म्हणजे पुन्हा रुमाल सोडावे लागतात. अभ्यासक अजूनही वेगवेगळी वर्षं सांगतात. मी माझ्या यादीत दोन वर्षांपुढे खूण केली आहे, आणि पुढच्या महिन्यात सुट्टी काढून इनामाच्या कागदांच्या छापील नकला बघायला जाणार आहे.